काउफमान : एका आडनावाचे दोन उगम

आकाशवाणीची सकाळची संकेतधून बांधण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, त्या वाल्टर काउफमान यांचे आडनाव मराठीत ‘कॉफमन’, ‘कौफमन’ असे कसेही लिहिलेले सापडते. मूळ जर्मन उच्चार ‘काउफमान’. अर्थ विचारला तर जर्मन माणूस चटकन सांगेल, व्यापारी. उत्तर बरोबर आहे, पण ते प्रत्येक काउफमानला लागू पडत नाही. अनेक ज्यू घराण्यांत या आडनावाचा व्यापाराशी काडीचाही संबंध नाही. तिथे ते ‘याकोब’ या नावाचे बदललेले रूप आहे. दोन वेगळ्या वाटांनी आलेले शब्द एकाच वळणावर येऊन मिळाले आणि पुढे दिसायला अगदी सारखे झाले. या आडनावाच्या शोधात होणाऱ्या बहुतेक चुका या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने होतात.

आधी जर्मन बाजू पाहू. ‘काउफेन’ म्हणजे विकत घेणे आणि ‘मान’ म्हणजे माणूस. या क्रियापदाचे मूळ लॅटिन ‘काउपो’पर्यंत जाते. काउपो म्हणजे खाणावळ चालवणारा, किरकोळ माल विकणारा. रोमन छावण्यांच्या मागोमाग फिरणाऱ्या या विक्रेत्यांकडून जर्मानिक भाषांनी शब्द उचलला आणि तो सगळीकडे पसरला. इंग्रजीतला ‘चीप’ त्यातूनच आला, ‘चॅपमन’ हे आडनावही त्यातूनच. कोपनहेगन या शहराच्या नावाचा अर्थच मुळी ‘व्यापाऱ्यांचे बंदर’. तेव्हा इंग्लंडमधला चॅपमन आणि जर्मनीतला काउफमान हे अर्थाने एकच.

मध्ययुगीन जर्मन शहरांत कुलनावे स्थिरावू लागली तेव्हा धंद्यावरून पडलेल्या नावांत हेही रूढ झाले. पण काउफमान म्हणजे कोणताही दुकानदार नव्हे. वजनाने, मापाने थोडा थोडा माल विकणारा तो ‘क्रेमर’. दूरच्या गावांशी मोठा व्यवहार करणारा, पेढीवर बसणारा तो ‘काउफमान’. आपल्याकडे किराणा दुकानदार आणि घाऊक व्यापारी यांत जेवढे अंतर, साधारण तेवढेच हे. लॅटिनमध्ये नाव लिहिण्याची फॅशन आली तेव्हा दोन्ही शब्दांचे भाषांतर ‘मेर्काटोर’ असेच झाले. जगाच्या नकाशाच्या प्रक्षेपणामुळे सर्वांना ठाऊक असलेला गेरार्ड मेर्काटोर (1512–1594) जन्माने ‘क्रेमर’ होता. नैसर्गिक लॉगॅरिदमच्या श्रेणीशी ज्याचे नाव जोडले जाते तो गणिती निकोलाउस मेर्काटोर (मृत्यू 1687) मात्र मूळचा काउफमान. मेर्काटोर दिसला की मागे काउफमानच असेल, असे म्हणूनच धरता येत नाही.

ज्यू बाजू वेगळीच आहे. मध्य युरोपातल्या बहुसंख्य ज्यूंना अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत कायमचे कुलनाव नव्हते. ‘अमुकचा मुलगा तमुक’ एवढ्यावर काम भागत असे. कोकणातल्या बेने इस्रायली मंडळींकडे पाहिले तर हे लगेच समजेल. देवळातले नाव हिब्रू, बापाच्या नावासकट. गावात ओळख मात्र पेणकर, किहीमकर, दिवेकर अशी मराठी. जर्मन प्रदेशातही पुरुषाला दोन नावे असत. एक धार्मिक, म्हणजे तोरा हा धर्मग्रंथ वाचायला बोलावताना आणि थडग्यावर कोरताना वापरायचे. दुसरे रोजच्या वापरातले, स्थानिक भाषेतले; त्याला ‘किन्नुई’ म्हणतात. धार्मिक नाव याकोब असेल तर घरात त्याचे ‘कोब’, ‘कोप’, लाडाने ‘कोप्पेल’ होई. त्याला ‘मान’ जोडले की ‘कोप्पेलमान’, ‘कोपमान’. आणि कोपमान हा उच्चार जर्मन कानाला ओळखीच्या ‘काउफमान’जवळ सरकायला कितीसा वेळ लागणार? अशा रीतीने काउफमान हे ज्यूंमध्ये आडनाव होण्याच्या कितीतरी आधी व्यक्तिनाव होते. बव्हेरियातल्या फ्युर्त गावी 1843 साली जन्मलेले आणि पुढे अमेरिकेतल्या सुधारणावादी ज्यू पंथाचे पुढारी झालेले रब्बी (ज्यू धर्मगुरू) काउफमान कोहलर हे त्याचे ठसठशीत उदाहरण. त्यांचे आडनाव कोहलर, काउफमान हे पाळण्यातले नाव. काही कुटुंबांत हेच रोजचे नाव ‘येकुतिएल’ या धार्मिक नावासोबतही येते. त्यामुळे थडग्यावर याकोब दिसला नाही म्हणून माणूस दुसरा, असे ठरवायची घाई करू नये.

मग सरकारी हुकूम आले. ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा योसेफ याने 1787 साली आपल्या राज्यातल्या ज्यूंना कायमचे जर्मन कुलनाव घेण्याची सक्ती केली. नेपोलियनचा हुकूम 20 जुलै 1808 चा. तो ऱ्हाईनच्या पश्चिमेकडच्या, तेव्हा फ्रान्समध्ये असलेल्या जर्मन मुलखालाही लागू होता आणि मुदत होती तीन महिन्यांची. प्रशियाने 11 मार्च 1812 च्या फर्मानात सहा महिने दिले. बव्हेरिया 1813, व्युर्टेम्बर्ग 1828. या तारखा हाताशी ठेवणे फार गरजेचे आहे, कारण पूर्वज कोणत्या संस्थानात राहत होता यावरून शोध कोणत्या वर्षापाशी अडणार हे ठरते. त्या वर्षाच्या आधी आडनावाने शोधून सहसा काही हाती लागत नाही. नावे जाहीर करताना ज्या याद्या झाल्या त्यांत जुने नाव आणि नवे नाव शेजारी शेजारी असते. तीच पायरी, तिथूनच मागे जायचे.

नाव निवडताना अनेकांनी सोपी गोष्ट केली. बापाचे किंवा आजोबाचे रोजचे नाव उचलले आणि कुलनाव करून टाकले. बाप काउफमान, म्हणून मुलगा मायर काउफमान. शेजारच्या गावात आणखी कुणाचा बाप काउफमान होता, तोही काउफमान. दोघांचा रक्ताचा संबंध शून्य. उलट दोन सख्ख्या भावांनी वेगवेगळ्या गावी नोंद करताना वेगळी आडनावे घेतल्याचीही उदाहरणे आहेत. ज्यांनी खरोखर धंद्यावरून हे नाव घेतले असे ज्यूही होते, हे नाकारता येत नाही. पण शहरी व्यापारी संघांची दारे बहुतेक ठिकाणी ज्यूंना बंद होती. खेड्यातल्या ज्यूंचा उदरनिर्वाह गुरांचा व्यवहार, फेरी, सावकारी यांवर चाले. म्हणून ‘व्यापारी होते, म्हणून काउफमान’ हे सरसकट उत्तर पुराव्याशिवाय स्वीकारू नये.

आता कागदाजवळ येऊ. समजा 1795 च्या एका नोंदीत ‘काउफमान मोझेस लेव्ही’ असे तीन शब्द आहेत. जर्मन भाषेत प्रत्येक नाम मोठ्या अक्षराने सुरू होते, मग ते विशेषनाम असो की सामान्यनाम. त्यामुळे पहिल्या शब्दाचे अक्षर पाहून काहीच कळत नाही. ‘व्यापारी मोझेस लेव्ही’ असाही अर्थ निघतो आणि ‘मोझेसचा मुलगा काउफमान, लेव्ही कुळातला’ असाही. पहिल्या अर्थाने वाचले तर माणूस मोझेस. दुसऱ्या अर्थाने वाचले तर मोझेस त्याचा बाप. एका पिढीचा फरक पडतो आणि पुढची सगळी वंशावळ घसरते. उपाय एकच. त्याच वहीतल्या पाच-दहा इतर नोंदी वाचायच्या आणि लेखनिक धंदा कुठे लिहितो ते पाहायचे. तो धंदा नावाआधी लिहीत असेल तर इतरांच्या नावाआधी खाटीक, शिक्षक, गुरांचा व्यापारी असे शब्द दिसतीलच. ते नसतील तर काउफमान हे नाव आहे. एकट्या नोंदीवर कधीच निर्णय घेऊ नये. हा गोंधळ आजच्या कागदांतही होतो, कारण 1 जानेवारी 1900 पासून लागू असलेल्या जर्मन व्यापार कायद्यात ‘काउफमान’ ही कायदेशीर संज्ञा आहे आणि नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या पेढीच्या नावापुढे ‘ई. के.’ अशी अक्षरे येतात.

लिपीचा त्रास वेगळा. जुन्या नोंदी ‘कुरेंट’ या धावत्या लिपीत असतात. मोडी वाचणाऱ्याला तिचा स्वभाव ओळखीचा वाटेल: हात न उचलता लिहिलेली, एकसारख्या उभ्या फटकाऱ्यांनी भरलेली. तिच्यात ‘यू’ आणि ‘एन’ यांचे अंग एकच. ‘यू’च्या डोक्यावर छोटी कमान दिली जाते, तीच खूण. ‘एम’ किंवा ‘एन’च्या डोक्यावर आडवी रेघ असेल तर ते अक्षर दोनदा वाचायचे. म्हणजे शेवटी एकच ‘एन’ आणि वर रेघ, तर ते पूर्ण ‘काउफमान’ आहे, दोन ‘एन’चे. रेघ नजरेतून सुटली की एक ‘एन’वाले नाव नकलेत उतरते आणि वाचणाऱ्याला वाटते की ही घराण्याची वेगळी शाखा. छापील गॉथिक अक्षरांत लांब ‘एस’ आणि ‘एफ’ यांत फक्त मधल्या आडव्या दांडीचा फरक असतो. संगणकाने वाचलेल्या जुन्या वर्तमानपत्रांत म्हणूनच ‘काउस्मान’ शोधून पाहावे. हरवलेले काउफमान पुष्कळदा तिथे सापडतात.

सारख्या ध्वनीच्या नावांना एकच संकेतांक देऊन शोधणाऱ्या पद्धतींच्या मर्यादाही समजून घ्याव्यात. अमेरिकी साउंडेक्समध्ये काउफमानची सर्व स्पेलिंगे, एक ‘एफ’ असो की दोन, ‘के-155’ खाली येतात. पण अमेरिकेत गेल्यावर ‘सी’ने लिहिलेला कॉफमन ‘सी-155’ होतो, कारण या पद्धतीत पहिले अक्षर तसेच राहते. ज्यू आणि पूर्व युरोपीय नावांसाठी बनवलेल्या डाइच-मोकोटॉफ पद्धतीत हा दोष नाही. तिथे दोघांचा आकडा 576600 जुळतो. मात्र कोप्पेलमान तिथेही 578660, म्हणजे दूरच. याकोबचा धागा धरायचा असेल तर कोप्पेल, कोप्पेलमान, याकोब हे तिन्ही वेगवेगळे शोधावे लागतात. आणि ‘अमेरिकेच्या बंदरावरच्या कारकुनाने नाव बदलले’ ही घराघरांत सांगितली जाणारी गोष्ट बाजूला ठेवावी. तिथला कारकून बोटीवरच्या प्रवासी यादीशी नावे पडताळत असे. दुसरा ‘एन’ बहुधा नंतर, कुटुंबानेच सोडलेला असतो.

नावावरून धर्म ओळखता येत नाही, हे या आडनावाची माणसे पाहिली की पटते. लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या 1768 च्या संस्थापक सदस्यांत दोनच स्त्रिया होत्या. त्यांपैकी एक, चित्रकार अँजेलिका काउफमान, कॅथलिक. मध्य आशियातल्या रशियन तुर्केस्तानचा पहिला गव्हर्नर जनरल कॉन्स्टन्टिन फॉन काउफमान (1818–1882) झारचा सेनानी. दुसरीकडे मोराव्हियात जन्मलेले डेव्हिड काउफमान (1852–1899) यांनी जमवलेली हिब्रू हस्तलिखिते आज बुडापेस्टच्या हंगेरियन विज्ञान अकादमीत आहेत. मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहाच्या पाठाचा अभ्यास करणाऱ्याला त्यांतल्या एका पोथीवाचून पुढे जाताच येत नाही. पिट्सबर्गच्या दुकानदार काउफमान घराण्यातल्या एडगरने वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटकडून धबधब्यावरचे ते प्रसिद्ध घर बांधून घेतले. हे घराणे मात्र ज्यूही आणि धंद्याने व्यापारीही.

आणि चार वाल्टर काउफमान! एक भौतिकशास्त्रज्ञ (1871–1947). वेगाबरोबर इलेक्ट्रॉनचे वस्तुमान वाढते का, हे त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मोजून पाहिले. दुसरे तत्त्वज्ञ (1921–1980), जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेचे इंग्रजी भाषांतरकार. ते वाढले लुथेरन घरात, लहानपणीच ज्यू धर्म स्वीकारला आणि मग कळले की आजी-आजोबा सगळे ज्यूच होते. तिसरे लेखक (1924–2021), 1940 साली ब्रिटनने नजरकैदी म्हणून ‘ड्युनेरा’ जहाजातून ऑस्ट्रेलियाला पाठवलेले. चौथे आपले मुंबईचे संगीतकार. ग्रंथालयांच्या याद्यांत या चौघांची सरमिसळ होते, म्हणून नावापुढे जन्मवर्ष तपासल्याशिवाय पुस्तक कुणाच्याही खात्यावर टाकू नये.

जन्मनोंदीत आणखी एक जागा जरूर पाहावी, समास. 17 ऑगस्ट 1938 च्या नाझी हुकुमाने, सरकारने ठरवलेल्या ज्यू नावांच्या यादीत न बसणारी नावे असलेल्या ज्यू पुरुषांवर ‘इस्राएल’ आणि स्त्रियांवर ‘सारा’ हे जादा नाव 1 जानेवारी 1939 पासून लादले गेले. मूळ नोंदीच्या कडेला तसा शेरा मारला जाई आणि युद्धानंतर तो रद्द केल्याचा दुसरा शेरा येई. घराण्याच्या छळाची खूण आहे ती. शोधणाऱ्यासाठी हाच पुरावा की हा काउफमान राज्याच्या लेखी ज्यू होता आणि त्या वर्षीही त्याची नोंद उघडली गेली होती.

संगीतकार वाल्टर काउफमान यांचा जन्म 1 एप्रिल 1907 रोजी कार्ल्सबाड इथला, आजचे चेक प्रजासत्ताकातले कार्लोवी वारी. 1934 साली ते मुंबईत आले, चेंबर म्युझिक सोसायटी उभारली, नभोवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताची बाजू सांभाळली. 1946 मध्ये ते इथून गेले, पण हिंदुस्थानी आणि कर्नाटक रागांवरचे जाडजूड ग्रंथ त्यांनी नंतर अमेरिकेत लिहिले. त्यांच्यासारख्या घराण्याचा माग कार्ल्सबाडमध्ये फार मागे जात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ज्यूंना त्या शहरात कायम राहण्याची मुभा नव्हती, तेव्हा घराणे आधी दुसऱ्या गावी असणार. बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या पश्चिम भागातल्या, ज्यूंच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या वह्या प्रागच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांच्या मागे 1793 ची ज्यू कुटुंबांची यादी. तिच्या जोडीला ‘फामिलिआंट’ वह्या, ज्या 1726 च्या कायद्यातून निघाल्या. बोहेमियात 8541 ज्यू कुटुंबेच राहू शकतील आणि थोरल्या मुलालाच लग्नाचा परवाना मिळेल, असा तो कायदा. त्या वह्यांत परवानाधारकाच्या बापाचे नाव असते. तिथे याकोब किंवा कोप्पेल सापडला, तर ते काउफमान घराणे कोणत्या उगमाचे ते कळते.