सहसंबंध जास्त आला म्हणजे यंत्रं जुळली असं नाही

बोटातून रक्त घेणारं ग्लुकोमीटर आणि प्रयोगशाळेतलं यंत्र यांची तुलना केली, सहसंबंध गुणांक (दोन मापं किती सोबत वाढतात-घटतात हे सांगणारा आकडा, जास्तीत जास्त १) ०.९८ आला, आणि ‘दोन्ही यंत्रं जुळतात’ असं लिहून टाकलं. हा निष्कर्ष त्या आकड्यातून निघतच नाही.

समजा, प्रयोगशाळेचे आकडे ८०, १२०, २००, ३०० आणि मीटरचे ९६, १४४, २४०, ३६० आहेत. गुणांक बरोब्बर १ येईल, आणि मीटर मात्र दर वेळी २० टक्के जास्त दाखवत असेल! बिंदू एका सरळ रेषेत पडतात का, एवढंच गुणांक बघतो. ती रेषा कोणती, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. शिवाय अगदी कमी ते अगदी जास्त साखरेचे रुग्ण घेतले की तो फुगतो. त्याच्या पी-व्हॅल्यूला, म्हणजे हा संबंध निव्वळ योगायोग तर नाही ना हे तपासणाऱ्या आकड्याला, तर इथे अर्थच नाही. एकच गोष्ट मोजणाऱ्या दोन यंत्रांत संबंध असायचाच.

जुळणी बघायची तर फरक काढावा लागतो. ब्लँड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांच्या पद्धतीत प्रत्येक रुग्णाच्या दोन मापांतला फरक उभ्या अक्षावर आणि त्यांची सरासरी आडव्या अक्षावर मांडतात. आडव्या अक्षावर एकाच यंत्राचं माप घेतलं, तर त्याची चूक दोन्ही अक्षांवर येते आणि नसलेला उतार दिसू लागतो. मग सरासरी फरक अधिक-उणे १.९६ गुणिले फरकांचं प्रमाण विचलन (ते सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप), या जुळणीच्या मर्यादा: साधारण ९५ टक्के फरक यांच्या आत पडतात.

रक्तदाबाच्या दोन यंत्रांत सरासरी फरक २ आणि प्रमाण विचलन ८ मिमी पारा असेल, तर मर्यादा साधारण −१४ ते +१८. सरासरी बघून खूश झालेला माणूस इथे गप्प होतो. एवढा फरक चालेल का, हे संख्याशास्त्र सांगत नाही. ते डॉक्टरांनी मोजमापाआधीच ठरवायचं.

वरच्या साखरेच्या उदाहरणात फरक १६ पासून ६० पर्यंत वाढत जातो. मापाबरोबर फरक असा वाढत गेला तर फरक टक्क्यांत मांडा किंवा मापांचा लॉग (लॉगॅरिदम) घ्या, नाहीतर मर्यादा खालच्या टोकाला उगाच रुंद आणि वरच्या टोकाला अरुंद पडतात. एकाच रुग्णाची दहा मापं म्हणजे दहा रुग्ण नव्हेत. आणि जमल्यास प्रत्येक यंत्रावर दोनदा मोजा: जुनं यंत्र स्वतःशीच जुळत नसेल, तर नवं कितीही चांगलं असो, त्याच्याशी जुळणार नाही.