आयांबिक कवितेतला ‘मी’ कोण?

आर्किलोकस हा इसवीसनपूर्व सातव्या शतकातला, एजियन समुद्रातल्या पारोस बेटाचा ग्रीक कवी. त्याच्या आयांबिक कवितेत, म्हणजे प्राचीन ग्रीकांच्या टवाळखोर, निंदेच्या काव्यप्रकारात, टवाळी आहे, कामुक किस्से आहेत, नावं घेऊन केलेली निंदा आहे, आणि बहुतेक सगळं ‘मी’च्या तोंडून. आख्यायिका अशी, की लिकांबीस नावाच्या माणसानं आपली मुलगी निओब्युली लग्नासाठी त्याला देऊ केली, मग शब्द फिरवला. तेव्हा कवीनं त्या घराची अशी अब्रू काढली की मुलींनी गळफास घेतला. ही गोष्ट पुढे शतकानुशतकं त्याचं चरित्र म्हणूनच सांगितली गेली.

इसवीसनपूर्व पाचव्या शतकात अथेन्सचा राजकारणी आणि लेखक क्रिटियस यानं तर त्याला दोषच दिला. आर्किलोकस एनिपो या दासीचा मुलगा, गरिबीमुळे थासोस बेटावर गेलेला, तिथं मित्रांशीही वैर धरणारा, लढाईत ढाल टाकून पळालेला. आणि हे जगाला कळलं ते त्यानं स्वतःच सांगितल्यामुळे! क्रिटियसच्या लेखी कविता म्हणजे कबुलीजबाब होता.

ॲरिस्टॉटलनं मात्र ‘वक्तृत्वशास्त्रा’त मोलाची गोष्ट नोंदवून ठेवली. स्वतः बोलणं जिथं शोभत नाही तिथं ते दुसऱ्याच्या तोंडी घालावं, असं सांगून तो आर्किलोकसचे दाखले देतो. लिडियाचा राजा गायजीस याच्या संपत्तीशी मला देणंघेणं नाही, असं म्हणणारा ‘मी’ खॅरन नावाचा सुतार आहे. दुसऱ्या एका कवितेत बाप आपल्या मुलीविषयी बोलतो. झ्यूसनं भरदुपारी रात्र केली, हे ग्रहणाचं वर्णन त्याच कवितेतलं. ॲरिस्टॉटल गप्प राहिला असता, तर सुताराचं मत आपण बिनदिक्कत कवीच्या नावावर घातलं असतं. आपल्या हाती तुकडेच आहेत, आणि बोलणारा कोण ते कवितेच्या शेवटी उघड होत असेल, तर तो शेवटच हरवलेला आहे. म्हणूनच मला ॲरिस्टॉटलची ही नोंद क्रिटियसच्या साऱ्या आरोपपत्रापेक्षा वजनदार वाटते.

इसवीसनपूर्व सहाव्या शतकातला एफिससचा आयांबिक कवी हिपोनॅक्स याचंही तेच झालं. थंडीनं कुडकुडत हर्मीस देवाकडे अंगरखा मागणारा त्याचा ‘मी’ हाच खुद्द कवी, असं धरलं गेलं.

आधुनिक वाद पेटला तो १९७४ साली. जर्मनीतल्या कोलोनच्या संग्रहातल्या एका पपायरसवर (प्राचीन कागदावर) आर्किलोकसची एक लांब कविता सापडली होती. तिच्यात ‘मी’ एका मुलीला वश करतो आणि निओब्युलीला सुकलेलं फूल ठरवतो. राइनहोल्ड मेर्केलबाख आणि मार्टिन वेस्ट या अभ्यासकांनी ती मिळून प्रसिद्ध केली. मेर्केलबाख यांना तिच्यात मनोविकृत कवी दिसला. वेस्ट यांनी त्याच वर्षी लिहिलं, की लिकांबीस आणि त्याच्या मुली ही आयांबिक परंपरेतली ठरीव पात्रं असावीत.