महागाईचा आकडा: गिरणगावातून रिझर्व्ह बँकेपर्यंत

दर महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास महागाईचा एक आकडा जाहीर होतो आणि १४ तारखेच्या सुमारास दुसरा. मथळे मात्र दोन्ही वेळा सारखेच असतात: ‘महागाई घटली’ नाहीतर ‘महागाईचा भडका’. पहिला आकडा ग्राहक किंमत निर्देशांकाचा, म्हणजे दुकानात, दवाखान्यात, रिक्षात आपण जे मोजतो त्याचा. दुसरा घाऊक किंमत निर्देशांकाचा, म्हणजे ठोक व्यापारातल्या मालाच्या भावांचा. दोघांचा जन्म वेगळ्या काळात, वेगळ्या कामासाठी झाला. कोणता आकडा कोणाच्या खिशासाठी काढला जातो हे माहीत असले की बातमीतला बराच गोंधळ आपोआप सुटतो.

सुरुवात मुंबईपासून करावी लागते. पहिल्या महायुद्धात धान्य, कापड, जळण सगळेच महागले आणि १९१९-२० मध्ये गिरण्यांत मोठे संप झाले. मजुरी किती वाढवायची हे ठरवायचे तर जगण्याचा खर्च किती वाढला हे आधी मोजायला हवे होते. मुंबई सरकारने १९२१ मध्ये कामगार कार्यालय काढले आणि त्याच वर्षी त्याच्या ‘लेबर गॅझेट’मध्ये मुंबईतल्या कामगारवर्गाच्या राहणीखर्चाचा निर्देशांक छापून येऊ लागला. जुलै १९१४ मधला खर्च शंभर धरायचा आणि आजचा खर्च त्याच्याशी ताडून पाहायचा.

पद्धत आजही मुळात तीच आहे. कुटुंब कशावर किती खर्च करते याची पाहणी करून प्रत्येक वस्तूला भार द्यायचा. समजा घरखर्चाच्या शंभर रुपयांपैकी साठ खाण्यावर जातात आणि चाळीस बाकी सगळ्यावर. खाणे दहा टक्क्यांनी महागले आणि बाकीचे पाच टक्क्यांनी, तर महागाई साडेसात टक्के नव्हे. साठाचे सहा आणि चाळिसाचे दोन, मिळून आठ टक्के. ज्याच्या घरी खाण्यावर ऐंशी रुपये जातात त्याच्यासाठी ती नऊ टक्के होते. ‘सरकारी आकडा आमच्या घराशी जुळत नाही’ ही तक्रार खोटी नसते. त्या घराचे भार वेगळे असतात.

दुसऱ्या महायुद्धात गिरणी कामगारांचा महागाई भत्ता या निर्देशांकाला बांधला गेला आणि निर्देशांकातल्या एकेका अंकावर हजारो घरांचा पगार हलू लागला. त्यामुळे तो कसा काढला जातो हा कामगार चळवळीचाच प्रश्न झाला. बाजारात भाव चढताहेत आणि निर्देशांक मात्र मागे राहतोय, ही तक्रार वाढत गेली. १९६३ मध्ये तो असंतोष रस्त्यावर आला, मुंबईत बंद पाळला गेला. राज्य सरकारने अर्थतज्ज्ञ डॉ. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि निर्देशांक खरोखरच कमी दाखवला जात होता, तो दुरुस्त केला पाहिजे, असा निष्कर्ष निघाला. आकडेवारीच्या पद्धतीसाठी कामगारांनी लढा द्यावा आणि तो जिंकावा, हे आपल्या आर्थिक इतिहासातले फार मोलाचे पान आहे. त्याची आठवण आज फारशी कोणी काढत नाही, याचे वाईट वाटते.

घाऊक निर्देशांकाची कूळकथा निराळी. तो युद्धकाळात सरकारला बाजारावर नजर ठेवण्यासाठी हवा होता. १० जानेवारी १९४२ पासून तो दर आठवड्याला निघू लागला. वस्तू फक्त २३, आणि पाया, म्हणजे ज्या काळातला भाव शंभर धरायचा तो, १९ ऑगस्ट १९३९ रोजी संपलेल्या, म्हणजे युद्ध पेटण्याआधीच्या आठवड्याचा. पुढे वस्तू वाढल्या, पाया बदलत गेला. २०११-१२ पाया धरलेल्या मालिकेत ६९७ वस्तू असून त्यात कारखानी मालाचा भार ६४.२३ टक्के, प्राथमिक वस्तूंचा २२.६२ आणि इंधन-विजेचा १३.१५ टक्के. डॉक्टरची फी, शाळेची फी, घरभाडे, एसटीचे तिकीट यांतले काहीही त्यात नाही, कारण सेवा त्यात मोजल्याच जात नाहीत. सरकारी कामांच्या कंत्राटात भाववाढीचे कलम असते तिथे हा आकडा उपयोगी पडतो. गृहिणीच्या पाकिटाविषयी तो फार थोडे सांगतो.

तरीही कित्येक वर्षे बातम्यांत ‘महागाई दर’ म्हणून हाच आकडा येत राहिला. तो दर आठवड्याला आणि अख्ख्या देशाचा एकच असे. ग्राहक निर्देशांक मात्र औद्योगिक कामगार, शेतमजूर अशा गटांचे वेगवेगळे आणि महिन्यातून एकदाच येत. याचा पेच जून २००९ मध्ये उघडा पडला. वर्षभरापूर्वी कडाडलेले कच्चे तेल आणि धातू कोसळले होते, त्यामुळे घाऊक महागाई दर शून्याखाली गेला. त्याच महिन्यात औद्योगिक कामगारांच्या ग्राहक निर्देशांकाप्रमाणे महागाई नऊ टक्क्यांच्या वर होती. टीव्हीवर ‘महागाई उणे’ आणि बाजारात डाळ परवडत नाही, अशी स्थिती. दोन्ही आकडे बरोबर होते, मोजत होते वेगळे.

ग्रामीण आणि शहरी मिळून देशाचा एक ग्राहक निर्देशांक २०११ पासून निघू लागला. जानेवारी २०१४ मध्ये ऊर्जित पटेल समितीने रिझर्व्ह बँकेला सुचवले की व्याजदर ठरवताना घाऊक नव्हे, हाच आकडा धरा. २०१६ मध्ये रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती होऊन महागाईचे उद्दिष्ट चार टक्के आणि त्याच्या खाली-वर दोन टक्क्यांची मुभा असे ठरले. व्याजदर ठरवणारी सहा सदस्यांची पतधोरण समितीही तेव्हाच आली. सलग तीन तिमाही महागाई या पट्ट्याबाहेर राहिली तर रिझर्व्ह बँकेने सरकारला लेखी कारणे द्यायची. जानेवारी ते सप्टेंबर २०२२ मध्ये ती सहा टक्क्यांच्या वर राहिली आणि तसे पत्र पहिल्यांदा लिहावे लागले. मे २०२२ मध्ये ४ टक्क्यांवर असलेला रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने अल्प मुदतीचे कर्ज देते तो, फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५० वर गेला. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी तरत्या व्याजदराची गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य दराला जोडलेली असल्याने त्याची झळ थेट घरात पोचली. बऱ्याच ठिकाणी हप्ता तोच राहिला आणि मुदत लांबली, म्हणून कर्जदारांच्या ते उशिरा लक्षात आले. खातेउताऱ्यात उरलेल्या हप्त्यांची संख्या बघावी ती यासाठी.

आता सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट. बातमीतला दर हा मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी केलेल्या तुलनेचा असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाज्या ४२.१८ टक्क्यांनी महागल्या होत्या. ग्राहक निर्देशांकाच्या २०१२ हा पाया धरलेल्या मालिकेत भाज्यांचा भार सहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे त्या महिन्याच्या ६.२१ टक्के महागाईपैकी सुमारे अडीच टक्के एकट्या भाज्यांमुळे. ऑक्टोबर २०२५ मध्ये भाज्या २७.५७ टक्क्यांनी उतरल्याची बातमी आली आणि एकूण महागाई ०.२५ टक्क्यांवर घसरली, त्या मालिकेतला नीचांक. हिशेब करून पाहा. ऑक्टोबर २०२३ मध्ये शंभर रुपयांची भाजी वर्षाने १४२ रुपये १८ पैशांची झाली. त्यातून २७.५७ टक्के वजा केले की उरतात १०३ रुपये. म्हणजे ‘भाज्या गडगडल्या’ म्हणताना त्या दोन वर्षांपूर्वीपेक्षा तीन रुपयांनी महागच होत्या. यालाच बेस इफेक्ट म्हणतात. आणि महागाई दर ६ वरून ३ वर आला याचा अर्थ भाव उतरले असा नसतो; ते चढतच असतात, फक्त सावकाश.

कांद्याचेही असेच. लासलगावचा भाव हलला की महागाईची चर्चा सुरू होते, पण त्या मालिकेत कांद्याचा भार ०.६४ टक्के. कांदा पन्नास टक्क्यांनी वाढला तरी एकूण दरात भर साधारण पाव ते अर्ध्या टक्क्याच्या मध्ये कुठेतरी. बटाटा आणि टोमॅटो सोबत चढले तर मात्र तिघांचा भार २.२ टक्क्यांपर्यंत जातो आणि आकडा हलताना दिसतो.

भार जुने झाले की आकडाही शिळा होतो. २०१२ च्या मालिकेचे भार २०११-१२ च्या खर्च पाहणीवर बेतलेले होते आणि त्यात खाद्यपदार्थ व पेयांना ४५.८६ टक्के जागा होती. तेव्हापासून घरांचा मोबाइल, प्रवास, औषधोपचार यांवरचा खर्च वाढला. म्हणून २०२३-२४ च्या पाहणीवर आधारलेली, २०२४ हे आधार वर्ष धरणारी नवी मालिका फेब्रुवारी २०२६ मध्ये आली आणि तीत खाण्याचा भार कमी झाला. आधार वर्ष बदलले की दोनशेच्या जवळ पोचलेला निर्देशांक पुन्हा शंभराच्या आसपास येतो. ती स्वस्ताई नव्हे, फक्त मोजपट्टी नव्याने लावलेली असते. जुना आणि नवा निर्देशांक थेट ताडून पाहायचा नसतो, मध्ये जोडगुणक, म्हणजे नवा आकडा जुन्या मापात आणणारा गुणक, लावावा लागतो.

या जोडगुणकाशी सरकारी कर्मचाऱ्यांची आणि निवृत्तांची चांगली ओळख आहे, कारण त्यांचा महागाई भत्ता आजही औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकावर चालतो. हा निर्देशांक केंद्राचे लेबर ब्युरो काढते. त्याचा पाया २००१ वरून २०१६ वर आला तेव्हा गुणक २.८८ ठरला. सातव्या वेतन आयोगाच्या सूत्रात बारा महिन्यांची सरासरी घेऊन ती २.८८ ने गुणायची, त्यातून २६१.४२ वजा करायचे आणि उरलेल्याला २६१.४२ नेच भागून टक्केवारी काढायची. सरासरी १४४ असेल तर गुणाकार ४१४.७२, वजाबाकी १५३.३०, टक्केवारी ५८.६४. अपूर्णांक सोडून भत्ता ५८ टक्के.