खिडकी फुगली की कुजली?

पावसाळा लागला की जुन्या वाड्यांतल्या खिडक्या त्रास देऊ लागतात. पल्ला (झडप) लागत नाही, जोर लावून लावला तर उघडत नाही, चौकटीचं खालचं लाकूड काळं दिसतं. मग घरात ठरतं, काढा आणि ॲल्युमिनियमची स्लायडिंग बसवा. जुनी खिडकी फुगली आहे की कुजली आहे, हे आधी कुणी पाहतच नाही.

फुगलेलं लाकूड निरोगी असतं. ते हवेतली ओल घेतं आणि रेषांना आडवं वाढतं. लांबीत फरक जवळजवळ पडत नाही. हातभर रुंद सागवानी पल्ला भर पावसात दोन-चार मिलिमीटर वाढू शकतो. जिथे घासतो तिथे कड चकाकते, पण टोच्या दाबला तर रुतत नाही. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, आला की हाच पल्ला सैल! म्हणून पावसाळ्यात रंधा मारू देऊ नका. जुलैत तासलेल्या पल्ल्याला मे महिन्यात फट पडते, आणि चंद्रपूर-नागपूरकडे ४५ अंशांच्या उन्हात त्या फटीतून झळ थेट घरात येते. दिवाळीनंतर लाकूड सुकू द्या, मग बघा. पुष्कळदा दोष लाकडाचा नसतोच. वर्षानुवर्षं चढवलेले ऑइलपेंटचे थर खरवडले की पल्ला सरळ बसतो.

कुजणं म्हणजे बुरशी. लाकडात वीसेक टक्क्यांहून जास्त ओल दीर्घकाळ टिकली की ती धरते आणि उन्हाळा आला तरी गेलेलं लाकूड परत येत नाही. टोच्या लोण्यासारखा आत जातो, ढलप्या भुसभुशीत निघतात. (आतून पोकळ आवाज आणि वर मातीच्या नळ्या दिसल्या, तर ती वाळवी, तिचा उपाय वेगळा.)

पण कुजलेली म्हणजे संपलेली, असंही नाही. आलापल्ली, बल्लारशाकडच्या जुन्या सागवानाचा गाभा सहसा टिकतो. जातो तो सालीलगतचा पांढरा भाग आणि पाणी साचतं ती टोकं. चौकटीचे खालचे दोन कोपरेच बहुधा कुजलेले सापडतात. तेवढा भाग कापून जुन्याच सागवानाचा तिरका जोड चांगला सुतार बसवतो. अख्खी चौकट उपटली तर मातीच्या जोडाईची भिंत हलते, वरच्या विटा सुटतात, आणि दोन पल्ल्यांच्या स्लायडिंगमधून वारा मिळतो तो अर्ध्याच खिडकीचा. माझ्या मते चौकट धड असताना ती काढणं हे घराचं नुकसानच आहे.

जोड देण्याआधी पाणी कुठून येतं ते मात्र शोधा. मातीच्या भिंतीला चौकटीभोवती सिमेंटचा गिलावा केला असेल, तर ओल तिथेच अडकते. तो फोडून चुन्याचा करा, खिडकीखालच्या कट्ट्याला बाहेरच्या बाजूला उतार द्या. उघड्या लाकडाला जवसाचं तेल पातळ लावून पुसून घ्या. तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात.