थिजणारा रंग

जलरंगातलं पाणी उडून जातं. तैलरंगातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत कित्येक दिवस घट्ट होत राहतं. मेणरंगाचं तसं नाही. थंडीत वाटीतलं खोबरेल थिजतं तसा तो काही क्षणांत थिजतो, आणि ऊब लागली की पुन्हा वितळतो. या पद्धतीला एन्कॉस्टिक म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘भाजून आत मुरवणं’ असा आहे. ते भाजणं किती महत्त्वाचं, हे मला स्वतः करून पाहिल्यावरच उमगलं.

साहित्य साधं आहे. आठ भाग मधमाशांचं मेण, एक भाग डमर राळ (झाडापासून मिळणारी एक राळ) आणि रंगाची पूड. मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं. राळेमुळे थंड झालेला थर टणक होतो, त्यावर ओरखडे सहज पडत नाहीत. कुंचला नैसर्गिक केसांचाच हवा, कारण नायलॉनचे केस उष्णतेने वाकडे होतात. मिश्रण मात्र ९५ अंशांच्या आत ठेवायचं आणि खिडक्या उघड्या. फार तापलेल्या मेणाचा धूर डोळ्यांना, घशाला झोंबतो.

पहिल्याच फटकाऱ्याला रंग दोन बोटं ओढला जातो न जातो तोच थिजला. थंड फळी मेणातली उष्णता शोषून घेत होती. फळी आधी कोमट केली, तेव्हा रंग सरकला.

मग एकाच फळीवर दोन पट्टे रंगवले. एकावर प्रत्येक थरानंतर गरम हवा फेकणारी हीट गन फिरवली, दुसऱ्यावर नुसतेच थर चढवले. दुसऱ्या दिवशी सुरीचं टोक घातलं तर दुसरा पट्टा पापडासारखा सुटून आला. पहिला खरवडावा लागला. खालचा थर वरवर मऊ झाला की दोन्ही थरांतलं मेण एकमेकांत मिसळतं आणि थिजताना एकसंध होतं. नाहीतर वरचा थर खालच्यावर नुसता टेकून राहतो.

उष्णता कशी दिली यावरही चित्र बदलतं. हीट गनचा वारा पातळ मेण ढकलतो आणि रेघा पसरतात. तापलेली इस्त्री थर सपाट करते, पण रंगही ओढून नेते. बारीक ज्योत मला सर्वांत आवडली. नेमका हवा तेवढाच ठिपका वितळवता येतो.

चटकन थिजण्याचाच फायदा अमेरिकन चित्रकार जॅस्पर जॉन्स यांनी ‘फ्लॅग’ या १९५४-५५मधल्या चित्रात घेतला. त्यात प्रत्येक फटकारा शेजारच्यात न मिसळता वेगळा दिसतो. त्याआधी जवळजवळ दोन हजार वर्षं, रोमन काळातल्या इजिप्तमध्ये, मृतांचे चेहरे लाकडी फळ्यांवर रंगवून ममीवर बसवत. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना १८८८मध्ये तिथल्याच हवारा इथे असे अनेक चेहरे मिळाले. त्यांतल्या मेणात रंगवलेल्या कित्येक चित्रांत कपडे आणि पार्श्वभूमी कुंचल्याची आहे. गालावर, कपाळावर मात्र एखाद्या टणक हत्याराने मेण दाबत ओढल्याच्या आखूड, दाट खुणा आजही स्पष्ट दिसतात.