गर्डर चिमट्याचे स्पिंडल : ग्रीस आत पोचतंय का?

हे पत्रक गर्डर चिमट्याच्या, म्हणजे पुढचं चाक धरणारा जुन्या घडणीचा सांगाडा असलेल्या मोटरसायकलींसाठी आहे. बीएसए एम-20, नॉर्टन 16 एच किंवा महायुद्धाच्या काळातली गर्डरवाली रॉयल एनफील्ड ज्यांच्या पडवीत उभी आहे, त्यांनी जरूर वाचावं. जुन्या राजदूत 175 चा चिमटा निराळ्या घडणीचा, पण पिन आणि बुशचं दुखणं तेच.

गर्डरचा सगळा चिमटा चार स्पिंडलवर, म्हणजे आडव्या पिनांवर झुलतो. खड्डा आला की स्पिंडल ब्राँझच्या बुशमध्ये (पिन फिरते त्या नळीत) जेमतेम काही अंश फिरतो आणि परत येतो, पूर्ण फेरा कधीच घेत नाही. म्हणून ग्रीस आपोआप चहूकडे पसरत नाही आणि पिन एकाच अंगाने झिजते. त्यात आपला कोकण! खारा वारा, तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि जांभ्याची लाल धूळ. ही धूळ ग्रीसमध्ये कालवली गेली की पॉलिश पेपरचं काम करते.

“दर महिन्याला ग्रीस मारतो हो,” असं सांगणाऱ्यांच्या गाड्याही आमच्याकडे येतात. पिन काढली की एक टोक चकचकीत आणि दुसरं तांबेरलेलं, कोरडं ठणठणीत. कारण साधं आहे. गाडी चाकांवर उभी असताना पिन वजनाने बुशच्या एका बाजूला दाबलेली असते. नेमकी तिथेच ग्रीसची गरज, आणि तिथेच फट नाही. ग्रीस मोकळ्या वाटेने बाहेर पडतं आणि आपल्याला वाटतं, काम झालं.

तेव्हा इंजिनाखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचं चाक अधांतरी करा. एकाने ग्रीस गन चालवावी, दुसऱ्याने चिमटा वरखाली हलवत राहावा. दोन्ही टोकांना ताजं ग्रीस दिसेपर्यंत थांबू नका. एकाच टोकाने येत असेल तर दुसरीकडची वाट जुन्या, घट्ट झालेल्या ग्रीसने बुजली आहे. अशा वेळी जोर लावून निपल (ग्रीस भरायचं तोंड) उडवण्यापेक्षा पिन काढून रॉकेलने धुणं बरं. सोडियमचं ग्रीस नको, ते पाण्यात विरघळतं. चिमटा काही तापत नाही, त्यामुळे साधं कॅल्शियमचं ग्रीस चालतं. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातले बोटवाले वापरतात तसलं खाऱ्या पाण्याचं मिळालं तर उत्तमच. पावसाआधी एकदा, पाऊस सरला की एकदा, आणि वॉशिंग सेंटरला फवारा मारून आणलीत तर त्याच संध्याकाळी.

आता बदलाविषयी. आम्ही नवी पिन ईएन-24 या मजबूत मिश्र पोलादाची करतो. बार कोल्हापूरहून येतो, लेथचं काम इथेच. पिनच्या मधोमध लांबीने 3 मिलिमीटरचं भोक, त्यातून प्रत्येक बुशच्या मध्यावर निघणारं आडवं भोक, आणि तिथून दोन्ही बाजूंना उथळ नागमोडी चर. चर बुशच्या काठाच्या अलीकडेच थांबवतो. काठापर्यंत नेला तर ग्रीस बाहेर आणि पाणी आत. आट्यांच्या मुळाशी मात्र आडवं भोक कधीच पाडत नाही, पिन तुटायची तर तिथेच तुटते. बुश नवे बसवले की दोन्ही एकाच रीमरने (भोक नेमक्या मापाचं करायच्या हत्याराने) एका रेषेत काढावे लागतात. हे काम घाईचं नाही, गाडी चार दिवस ठेवावी लागेल.

गंजत नाही म्हणून स्टेनलेसची पिन करा, असा आग्रह बरेच जण धरतात. आम्हीही एकदा केली होती. आंबा घाट उतरताना ती लिंकच्या (चिमटा गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या पट्टीच्या) आट्यांत अशी चिकटली की शेवटी लिंक कापावी लागली. लिंकचा खर्च आम्ही सोसला. तेव्हापासून स्टेनलेस बंद.

तुमची मूळ पिन गोल असेल, झीज नसेल, तर तिला हात लावू नका. आम्हीही लावणार नाही, नुसतं धुऊन ग्रीस भरून देऊ.

ज्या चिमट्याला कडेला खाचा असलेले वायसर आहेत, तिथे प्ले (ढिलेपणा) काढायला दोन्ही नट सैल करून स्पिंडल चौकोनी टोकाने थोडा थोडा फिरवा. वायसर बोटाने जरा अडखळत फिरला पाहिजे. मग स्पिंडल धरून नट आवळा आणि वायसर पुन्हा फिरवून बघा, कारण आवळताना तो हमखास घट्ट बसतो. हे वायसर आता सहजासहजी मिळत नाहीत. गाडी खोलून आणणार असाल तर झिजलेले असले तरी पिशवीत घालून सोबत आणा.