आंत्रजीवाणूंची प्रयोगशाळेतील ओळख

अतिसार, रक्ती आमांश, पटकी इ. रोगांना कारणीभूत होणारे जीवाणू रुग्णाच्या मलातून वेगळे काढून त्यांची जाती व प्रकार निश्चित करण्याची पद्धत. मोठ्या आतड्यात निरुपद्रवी जीवाणूंची इतकी दाटी असते की, त्यांतून साल्मोनेला (विषमज्वर, अतिसार), शिगेला (रक्ती आमांश) किंवा व्हिब्रिओ कॉलरी (पटकी) हे रोगकारक जीवाणू हुडकणे हेच या तपासणीतील खरे काम होय.

नमुना प्रतिजैविक सुरू होण्यापूर्वी घ्यावा लागतो. शिगेला मलात फार काळ तग धरत नाही. सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४०° से.च्या वर जातो आणि करमाळ्यासारख्या दूरच्या तालुक्यातून शहरात नमुना पोचण्यास वेळ लागतो, त्यामुळे तो कॅरी-ब्लेअर माध्यमात (जीवाणू वाटेत जिवंत ठेवणाऱ्या वाहतूक माध्यमात) घालून थंड पेटीतून पाठविणे इष्ट असते. नमुना घेतलेल्या कापसाच्या वाळलेल्या बोळ्यावर पुढे कितीही कसब खर्ची घातले, तरी हाती काही लागत नाही.

मॅकाँकी आगरावर (जीवाणू वाढविण्याच्या घट्ट पोषक माध्यमावर) ३७° से.ला रात्रभर वाढविल्यावर दुग्धशर्करा आंबविणाऱ्या ई. कोलाय या आतड्यातील नेहमीच्या जीवाणूच्या वसाहती (डोळ्यांना दिसणारे पुंजके) गुलाबी, तर साल्मोनेला व शिगेला यांच्या फिकट, जवळजवळ रंगहीन दिसतात. एक्सएलडी या दुसऱ्या निवडक आगरावर साल्मोनेलाच्या लाल वसाहतीत बहुधा काळा मध्य उमटतो. प्रोटियस हा वेगळा जीवाणू येथे तसाच दिसून चकवा देऊ शकतो. तो यूरियाचे विघटन करतो, म्हणून यूरिएज चाचणीत उघडा पडतो. त्यानंतर शर्करा-लोह आगर, इंडोल, सिट्रेट व चलनशीलता या चाचण्या करून शेवटी प्रतिरक्तद्रवाशी (ठराविक प्रतिपिंडे असलेल्या रक्तद्रवाशी) समूहन (जीवाणूंच्या गुठळ्या होणे) पाहतात.

आषाढी वारीला पंढरपुरात लाखो लोक जमतात. अशा पावसाळी गर्दीच्या दिवसांत पटकीची शंका आल्यास नमुना अल्कधर्मी पेप्टोन जलात (व्हिब्रिओची वाढ होऊ देणाऱ्या द्रव माध्यमात) ६ ते ८ तास ठेवून टीसीबीएस या व्हिब्रिओसाठीच्या निवडक आगरावर पसरतात. त्यावर पिवळ्या वसाहती आल्यास काचपट्टीवर ०·५ टक्के सोडियम डीऑक्सिकोलेटच्या थेंबात वसाहत कालवून लूप (तारेचे कडे) हळूच वर उचलतात. चिकट तार ओढली गेली, तर व्हिब्रिओचा संशय बळावतो. मात्र तेवढ्यावर निदान करीत नाहीत. पटकीच्या साथी पसरविणाऱ्या ओ१ व ओ१३९ या प्रकारांच्या प्रतिरक्तद्रवांनी प्रकार ठरवितात. ओ१३९ हा प्रकार १९९२ मध्ये भारतात प्रथम आढळला.

विषमज्वरात पहिल्या आठवड्यात मलापेक्षा रक्ताचे संवर्धन अधिक उपयुक्त ठरते. रक्तातील प्रतिपिंडे तपासणाऱ्या विडाल चाचणीच्या एकाच निकालावर विसंबण्याची रूढ सवय शास्त्रीय दृष्ट्या लंगडी आहे.

वस्तुमानमापनावर आधारलेल्या मॅल्डी-टॉफ यंत्राने काही मिनिटांत जाती कळते. तथापि शिगेला व ई. कोलाय इतके निकटचे आहेत की, या यंत्राच्या नेहमीच्या वापरात ते खात्रीने वेगळे करता येत नाहीत.